कोंडणे, डांबणे, अडकून पडणे : घरात बंद होण्याची क्रियापदे

इंग्रजीच्या बोलभाषेत ‘कूप अप’ असे एक जोडक्रियापद आहे. एखाद्या तोकड्या जागेत, मनाविरुद्ध आणि नको तितका वेळ बंद होऊन राहिलेल्या माणसाविषयी ते योजतात. आणि बहुधा ‘कूप्ड अप’ या कर्मणी कृदंताच्या रूपातच योजतात. हे कृदंत असलेले वाक्य अनुवादासाठी पुढे आले की मराठी प्रतिशब्दांची कमतरता भासत नाही. कोंडलेला, डांबलेला, अडकून पडलेला, घुसमटलेला, खुराड्यात राहणारा असे अनेक पर्याय सुचतात. अडचण निराळीच आहे. यांतील प्रत्येक शब्द कोठे ना कोठे बरोबर ठरतो, परंतु एकाच्या जागी दुसरा ठेवला की वाक्याचा अर्थ बदलतो. आणि तोही छटेपुरता नव्हे, तर मुळातून बदलतो.

असे का व्हावे, याचा शोध घेताना एक गोष्ट ध्यानात येते. माणूस आत आहे आणि त्याला बाहेर पडता येत नाही, एवढेच ‘कूप्ड अप’ सांगते; दार कोणी लावले याविषयी ते मौन पाळते. मराठीत मात्र क्रियापद निवडतानाच वक्त्याला या प्रश्नाचे काही तरी उत्तर द्यावे लागते. दार दुसऱ्याने लावले, आपले आपणच लावले, की कोणीच लावले नाही, हे धातूच्या आणि त्याला जोडलेल्या सहायक क्रियापदाच्या निवडीतून उघड होते. या भेदाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. २०२० साली सारा देश घरात बंद झाल्यानंतर हा प्रश्न केवळ व्याकरणाच्या अभ्यासकांचा राहिलेला नाही, हेही त्यातून दिसून यावे.

१. इंग्रजी प्रयोगाची घडण

‘कूप’ या नामाचा इंग्रजीतील जुना अर्थ टोपली असा आहे. पुढे कोंबड्या ठेवण्याची जाळी किंवा पिंजरा, म्हणजेच आपले खुराडे, हा अर्थ रूढ झाला. सोळाव्या शतकात या नामापासून ‘खुराड्यात घालणे’ या अर्थाचे क्रियापद तयार झाले आणि लवकरच ते माणसांनाही लागू झाले. या शब्दाचा संबंध लॅटिनमधील पिंप या अर्थाच्या ‘कूपा’ या शब्दाशी जोडला जातो. काही व्युत्पत्तिकार आणखी मागे जाऊन लॅटिन ‘कूपा’ आणि संस्कृत ‘कूप’ म्हणजे विहीर, खड्डा, हे दोन्ही शब्द एकाच पोकळीवाचक मुळातून आले असावेत असे मानतात. हा तर्क ग्राह्य धरला, तर खुराड्यातील कोंबडी आणि कूपातील मंडूक यांचे नाते कल्पनेपुरते न राहता शब्दांच्या कुळापर्यंत पोचते. मात्र अशा दूरच्या व्युत्पत्तीवर अर्थविचाराची इमारत उभारणे धोक्याचे असते; तेव्हा तिचा उल्लेख येथेच थांबविणे इष्ट.

अधिक महत्त्वाचा भाग ‘अप’ हा आहे. या अव्ययाचा शब्दशः अर्थ ‘वर’ असा असला, तरी येथे वर-खाली असा काही संबंध नाही. ‘इट अप’, ‘ड्राय अप’, ‘टाय अप’, ‘लॉक अप’ या प्रयोगांत ‘अप’ क्रियेची पूर्णता दाखवितो. खाऊन संपवणे, पूर्ण वाळून जाणे, घट्ट बांधून टाकणे, पक्के बंद करून ठेवणे, अशी त्यांची मराठी रूपे होतात. या प्रतिरूपांकडे नीट पाहिले म्हणजे दिसते की इंग्रजीत जे काम क्रियापदानंतर येणारे अव्यय करते, ते मराठीत ऊनान्त धातुसाधितानंतर येणारे दुसरे क्रियापद करते. ‘वाळून जाणे’ यात कोणी कोठे जात नाही आणि ‘बांधून टाकणे’ यात काही टाकले जात नाही. ‘अप’ने जसा आपला दिशावाचक अर्थ सोडला, तसाच ‘जाणे’, ‘टाकणे’ यांनीही आपला मूळ अर्थ बाजूस ठेवला आहे.

परंतु हे साम्य एका मर्यादेपर्यंतच टिकते. ‘अप’ पूर्णता सांगतो आणि थांबतो. मराठीचे सहायक क्रियापद मुळात क्रियापदच असल्यामुळे त्याला कर्त्याची ओढ असते. ठेवणारा, घेणारा, टाकणारा, पडणारा हे एकाच स्थितीतील कर्ते नव्हेत. म्हणून पूर्णतेबरोबरच कर्त्याचा त्या क्रियेशी असलेला संबंधही वाक्यात आपोआप उतरतो.

२. मूळ धातूंचे क्षेत्र

सहायक क्रियापदांकडे वळण्यापूर्वी मूळ धातूंतील फरक पाहणे आवश्यक आहे. या अर्थक्षेत्रात चार धातू मुख्य आहेत.

‘कोंडणे’ याचा गाभा वाट बंद करणे हा आहे. जे आत आहे त्याची बाहेर येण्याची वाट बुजली की ते कोंडले. म्हणूनच हा धातू माणसापुरता मर्यादित नाही: धूर कोंडतो, हवा कोंडते, पाणी कोंडते, श्वास कोंडतो. या उदाहरणांत तो अकर्मक आहे. माणूस कर्म झाला की तो सकर्मक होतो: ‘त्यांनी मुलाला खोलीत कोंडले’. येथे एक सूक्ष्म गोष्ट आढळते. ‘धूर खोलीत कोंडला’ हे वाक्य सहज आहे. ‘मुलगा खोलीत कोंडला’ हे तितके सहज वाटत नाही, आणि वक्ता बहुधा ‘कोंडला गेला’ असे कर्मणी रूप वापरतो. धूर आपोआप कोंडू शकतो. माणूस कोंडला जाण्यास कोणाचा तरी हात लागतो, अशी भाषेची समजूत यातून व्यक्त होते.

‘डांबणे’ यात बळजबरी आणि वैर किंवा शिक्षा यांचा भाव आहे. तुरुंगात डांबतात, आजारी मुलाला विश्रांतीसाठी खोलीत ठेवले तर त्याला डांबले असे म्हणत नाहीत, आणि कोणी म्हटलेच तर ते ठेवणाऱ्यावर केलेला आरोप असतो. ‘कोंबणे’ याचा रोख जागेच्या अपुरेपणावर आहे. गोणीत कपडे कोंबतात, गाडीच्या डब्यात माणसे कोंबली जातात. तेथे बाहेर जाण्याची वाट असेलही. कमतरता असते ती पाय ठेवण्यापुरत्या जागेची. ‘अडकणे’ हा धातू मुळातच अकर्मक आहे. त्याला अडथळा लागतो, अडवणारा लागत नाही. काटा घशात अडकतो, पतंग तारेत अडकतो, माणूस पावसात अडकतो.

या धातूंपासून झालेली नामेही हे भेद जपतात. ‘कोंडी’ ही वाहतुकीची होते, प्रतिस्पर्ध्याची होते आणि ती फोडावी लागते. ‘कोंडमारा’ हा मनाचा होतो. ‘कोंडवाडा’ हा मोकाट गुरांसाठी असतो. १८७१ च्या गुरांविषयीच्या कायद्याने त्याला शासकीय रूप दिले आणि गुरू सोडवायचे तर दंड भरण्याची रीत घालून दिली. दया पवार यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कवितासंग्रहाला ‘कोंडवाडा’ हेच नाव दिले, तेव्हा या शब्दातील सर्व सूचना त्यांच्या कामी आल्या: आत असणारा स्वतःहून आलेला नाही, वाट दुसऱ्याने बंद केली आहे, आणि सुटकेची किंमत कोंडणाराच ठरवितो. ‘अडकणे’ या धातूपासून झालेल्या कोणत्याही नामाला हा भार पेलला नसता.

३. सहायक क्रियापदांचे कार्य

मराठी व्याकरणात संयुक्त क्रियापदांचा विचार जुना आहे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात त्याची चर्चा आढळते. मुख्य क्रिया धातुसाधितात असावी आणि दुसऱ्या क्रियापदाने आपला स्वतंत्र अर्थ सोडून पहिल्यास साहाय्य करावे, अशी त्याची सर्वपरिचित कसोटी आहे. या कसोटीस उतरणारी पुढील वाक्ये पाहावीत:

(क) त्याला खोलीत कोंडून ठेवले.
(ख) त्याने स्वतःला खोलीत कोंडून घेतले.
(ग) तो खोलीत कोंडून बसला आहे.
(घ) तो खोलीत अडकून पडला.
(ङ) तो खोलीत नुसता पडून राहिला.

खोली एकच, माणूस एकच. फार काय, बाहेरून पाहणाऱ्याला दिसणारे दृश्यही एकच. तरीही पाच वाक्ये पाच हकिकती सांगतात. (क) मध्ये ‘ठेवणे’ आले की ठेवणारा आला. वाक्यात त्याचे नाव नसले, तरी ‘कोणी?’ हा प्रश्न श्रोत्याच्या मनात उभा राहतो आणि त्याला उत्तर असते. (ख) मध्ये ‘घेणे’ हे क्रियेचे फळ कर्त्याकडे वळविते. कोंडणारा आणि कोंडला गेलेला एकच होतात. (ग) मधील ‘बसणे’ यातही स्वेच्छा आहे, पण तिच्या जोडीला वक्त्याची नापसंती आहे. ‘रुसून बसणे’, ‘अडून बसणे’ यांतील ‘बसणे’ हेच. (घ) मधील ‘पडणे’ कर्त्याची असहायता दाखविते. पडणारा स्वतःहून पडत नाही, आणि त्याला कोणी पाडले असेही वाक्य म्हणत नाही. (ङ) मध्ये ‘राहणे’ केवळ काळाचे सातत्य सांगते. तेथे बंदीचा उल्लेख उरतच नाही.

धातू आणि सहायक यांची जोडी मनमानीने जुळत नाही, हेही येथे पाहावे. ‘अडकून पडला’ हे नित्याचे आहे, ‘कोंडून पडला’ क्वचितच कानी येते. ‘डांबून ठेवले’ हे रूढ आहे, ‘स्वतःला डांबून घेतले’ हे विनोदाखेरीज संभवत नाही. ज्या धातूत परक्याचा हात गृहीत आहे, त्याला असहाय अपघाताचे ‘पडणे’ चिकटत नाही. ज्यात वैर गृहीत आहे, त्याला आत्मार्थक ‘घेणे’ मानवत नाही. म्हणजे जबाबदारीची वाटणी ही केवळ शैलीची बाब नसून शब्दांच्या सहवासाच्या नियमांतच ती गोवलेली आहे.

४. एक गाव आणि तीन प्रकारची बंदी

हे भेद व्यवहारात कसे उतरतात हे पाहण्यासाठी एखादा ठरावीक परिसर समोर ठेवणे सोयीचे होईल. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ, विशेषतः त्याचा पूर्व भाग, या दृष्टीने उद्बोधक आहे. वालधुनी नदीच्या काठचे, शिलाहारकालीन, १०६० सालच्या शिलालेखाचे शिवमंदिर याच भागात आहे. आनंदनगरची औद्योगिक वसाहतही याच बाजूस आहे. रोज उपनगरी गाडीने मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या नोकरदारांची वस्ती येथे मोठी आहे. नदीचा पूर, कारखान्याचे फाटक आणि रेल्वेची गाडी, या तिन्ही वाटांनी माणसाची हालचाल थांबण्याचा अनुभव या परिसराला आहे. त्या प्रत्येक वेळी मराठी भाषक कोणते क्रियापद उचलतो हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम पूर. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस अंबरनाथच्या पुढे बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दरम्यान थांबली. उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले होते. एक हजाराहून अधिक प्रवासी २७ जुलै रोजी बाहेर काढले जाईपर्यंत डब्यांतच होते. जागा अपुरी, बाहेर पडणे अशक्य, वेळ लांबत चाललेला. इंग्रजी ‘कूप्ड अप’च्या सर्व अटी येथे पूर्ण होतात. मराठीत मात्र याचे वर्णन ‘प्रवासी अडकून पडले’ असेच होते. ‘प्रवाशांना गाडीत कोंडून ठेवले’ असे कोणी म्हटले असते, तर तो रेल्वेवर ठेवलेला ठपका झाला असता आणि त्याला खुलासा द्यावा लागला असता. डब्यांची दारे उघडी होती. वाट पाण्याने अडविली होती. पाण्याला कर्ता मानण्याची मराठीची तयारी नसते, म्हणून ‘पडणे’ आले.

दुसरा प्रकार २०२० सालचा. २४ मार्च रोजी पंतप्रधानांनी एकवीस दिवसांच्या देशव्यापी बंदीची घोषणा केली. मुंबईची उपनगरी गाडी त्याआधीच, २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून, थांबली होती. १५ जून रोजी ती पुन्हा सुरू झाली तीही फक्त अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. अंबरनाथ पूर्वेतील एखाद्या दोन खोल्यांच्या घरात या काळात पाच माणसे राहत होती असे क्षणभर समजावे. त्यांतील वृद्ध आजोबांनी संसर्गाच्या भीतीने ‘स्वतःला कोंडून घेतले’. महाविद्यालयात जाणाऱ्या नातवाला घरच्यांनी ‘कोंडून ठेवले’, अशी त्याची तक्रार. मुंबईस नोकरीला जाणारा मुलगा गाडी नाही म्हणून ‘अडकून पडला’. सून म्हणेल की दोन खोल्यांत पाच माणसे ‘कोंबली’ आहेत. आणि ज्याला यांपैकी काहीच म्हणायचे नाही, तो ‘घरीच होतो’ एवढेच सांगेल. दार तेच, दिवस तेच. प्रत्येकाचे वाक्य खरे आहे, कारण ते दाराविषयी नसून दार लावणाऱ्याविषयी आहे. पाचही वाक्यांचा इंग्रजीत ‘कूप्ड अप’ असा एकच अनुवाद केला, तर घरातील मतभेद नाहीसा होईल आणि एकमुखी त्रास तेवढा उरेल.

तिसरा प्रकार कारखान्याचा. तो नामांच्या अंगाने पाहणे अधिक उपयुक्त असल्यामुळे त्याचा विचार स्वतंत्रपणे केला आहे.

५. ‘टाळेबंदी’ : कुलूप कोणत्या बाजूने?

इंग्रजीतील ‘लॉक’ या धातूची अनेक जोडरूपे आहेत. त्यांतील ‘लॉकअप’, ‘लॉकआउट’ आणि ‘लॉकडाऊन’ ही तीन मराठीत आली; परंतु तिन्ही नामे म्हणून आली, क्रियापदे म्हणून नव्हे. क्रियेसाठी मराठीने आपलीच क्रियापदे वापरली: लॉकअपमध्ये टाकले, लॉकआउट जाहीर केला, लॉकडाऊन लावला. पहिले पोलीस कोठडीचे नाव झाले. दुसरे कामगार चळवळीबरोबर आले. तिसरे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील तुरुंगांच्या परिभाषेत रुळले, जेथे त्याचा अर्थ सर्व कैद्यांना आपापल्या कोठडीत बंद ठेवणे असा होता. आणि २०२० मध्ये ते घरोघरी पोचले.

या तिन्ही शब्दांत दिशा दाखविण्याचे काम अव्यय करते. ‘आउट’ असेल तर माणूस बाहेर आणि कुलूप आत जाण्यावर. ‘अप’ किंवा ‘डाऊन’ असेल तर माणूस आत आणि कुलूप बाहेर येण्यावर. मराठीत ‘लॉकआउट’साठी ‘टाळेबंदी’ हा शब्द रूढ झाला. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात मालकाने काम बंद करणे अथवा कामगारांना कामावर घेण्याचे नाकारणे याची जी संकल्पना होती, तिला मराठी वृत्तपत्रांत आणि कामगारांच्या बोलण्यात हेच नाव मिळाले. अंबरनाथसारख्या, आयुध निर्माणी आणि एके काळचा आगपेट्यांचा कारखाना यांच्याभोवती वाढलेल्या गावात या शब्दाचा अर्थ सांगण्याची गरज नव्हती. टाळेबंदी म्हणजे फाटक बंद, कामगार बाहेर आणि मजुरी थांबलेली.

मार्च २०२० मध्ये ‘लॉकडाऊन’ला प्रतिशब्द हवा झाला, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी हाच तयार शब्द उचलला. शब्द जुना, परंतु दिशा उलटली. पूर्वी ज्याला फाटकाबाहेर ठेवले जाई, त्याला आता घराच्या दाराआत ठेवले गेले. ‘बंदी’ या घटकात आत-बाहेर असा भेदच नसल्यामुळे हा बदल भाषेला जाणवलाही नाही. औद्योगिक वसाहतीतील कामगाराच्या दृष्टीने मात्र दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे होते: कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि घराच्या दाराआत. दोन्ही अर्थांत मजुरी थांबलेलीच होती. मराठी शब्दाची ही दुहेरी सोय इंग्रजीच्या दोन निरनिराळ्या शब्दांना साधत नाही.

कायद्याच्या इतिहासातही दिशेचा असाच पालट दिसतो. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेला साथरोगविषयक कायदा प्लेगच्या वेळी मुंबई इलाख्यात लागू झाला, तेव्हा पुण्यासारख्या शहरांत घरांची झडती घेऊन माणसांना घराबाहेर, तात्पुरत्या छावण्यांत नेले जात असे. त्याच कायद्याचा आधार घेऊन महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये नियम काढले गेले, तेव्हा माणसांना घराबाहेर न पडण्यास सांगितले गेले. १८९७ साली असंतोष होता तो घराचा उंबरठा सरकारने ओलांडल्याचा. २०२० साली तक्रार झाली ती उंबरठा नागरिकाला ओलांडता येत नसल्याची.

शासकीय भाषेचे एक वैशिष्ट्य येथे नोंदविले पाहिजे. ‘मनाई करण्यात येत आहे’, ‘निर्बंध लागू करण्यात आले आहेत’ या ‘-ण्यात येणे’ घडणीच्या वाक्यांत कर्त्याला जागा असते, पण ती बहुधा रिकामी राहते. ‘टाळेबंदी’, ‘संचारबंदी’, ‘जमावबंदी’, ‘विलगीकरण’ ही नामे त्याच्याही पुढे जातात. त्यांत कर्ता विचारण्याची सोयच उरत नाही. बोलभाषेने या शब्दांना पुन्हा क्रियापदांत ओढले, आणि तेथे ‘लावणे’ व ‘लागणे’ असे दोन मार्ग निघाले. ‘सरकारने लॉकडाऊन लावला’ म्हणणारा निर्णयाचा धनी दाखवितो. ‘लॉकडाऊन लागला’ म्हणणारा त्याला ग्रहणाच्या, पावसाच्या किंवा आगीच्या पंक्तीला बसवितो, कारण तीही ‘लागतात’. दुसऱ्या वाक्याला अज्ञान म्हणता येणार नाही. आपल्या हाती नसलेल्या निर्णयाचा अनुभव नैसर्गिक घटनेसारखाच येतो, ही त्यामागची जाणीव आहे. तरीही दोन्ही वाक्ये एकच मानणे हे अभ्यासकाला शोभणारे नाही.

६. खुराडे आणि घरकोंबडा

इंग्रजी प्रयोगातील कोंबड्यांची प्रतिमा मराठीलाही परकी नाही. लहानशा घराला ‘खुराडे’ म्हणण्याची रीत महानगरांच्या परिसरात सर्वत्र आहे. परंतु मराठीची खास निर्मिती आहे ती ‘घरकोंबडा’ या शब्दाची. मोल्सवर्थच्या कोशातही हा शब्द आहे, म्हणजे त्याला दीडशेहून अधिक वर्षांचे वय आहे. ज्याचा पाय घराबाहेर पडत नाही तो घरकोंबडा. ‘घरघुशा’ हा त्याचाच भाऊबंद.

दोन्ही भाषांनी एकच पाळीव प्राणी निवडला, परंतु लक्ष निरनिराळ्या ठिकाणी ठेवले. इंग्रजीचे लक्ष पिंजऱ्यावर आहे, म्हणून आत असलेल्याविषयी सहानुभूती उत्पन्न होते. मराठीचे लक्ष पक्ष्यावर आहे. त्याला कोणी कोंडलेले नाही, दार उघडे आहे, तरी तो बाहेर जात नाही. म्हणून त्याची थट्टा होते. २०२० मध्ये काही काळ या थट्टेचा आधारच नाहीसा झाला. घरात राहणे हे कर्तव्य ठरले आणि बाहेर हिंडणारा दोषी ठरला.

या शब्दाविषयी आणखी एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. ‘घरकोंबडा’ याचे स्त्रीलिंगी रूप व्याकरणाच्या दृष्टीने अगदी सुलभ आहे, पण ते व्यवहारात सहसा ऐकू येत नाही. कारण उघड आहे. शब्द अपवादाला लागतो, नियमाला लागत नाही. पुरुषाने घरात बसणे हे वैगुण्य मानले गेले, म्हणून त्याला नाव मिळाले. स्त्रीने घरात असणे हे गृहीत होते, म्हणून ते निनावी राहिले. तिच्या बाबतीत नाव मिळाले ते उलट क्रियेला: ‘उंबरठा ओलांडणे’. टाळेबंदीच्या दिवसांत ‘आम्ही कोंडले गेलो’ असे पुरुष म्हणत असताना, घरकामात आयुष्य गेलेली एखादी वृद्धा ‘माझ्यासाठी यात नवे काय?’ असे विचारू शकत होती. तिच्या स्थितीसाठी भाषेने कधी क्रियापदच योजलेले नव्हते. ना ‘ठेवणे’, ना ‘घेणे’, ना ‘पडणे’. ‘ती घरी असते’ एवढेच वाक्य होते. सहायक क्रियापद जबाबदारी दाखविते, तसा त्याचा अभाव जबाबदारी झाकतो, हे यावरून ध्यानात येईल.

७. अनुवाद आणि नोंद

या विवेचनावरून अनुवादकाला काही व्यावहारिक सूत्रे मिळू शकतात. ‘कूप्ड अप’ समोर आले की प्रथम मूळ संदर्भात वाट कोणी बंद केली ते शोधावे. परक्याने केली असेल तर ‘कोंडून ठेवणे’. त्यात वैर किंवा शिक्षा असेल तर ‘डांबून ठेवणे’. स्वतः केली असेल तर ‘कोंडून घेणे’. परिस्थितीने झाली असेल तर ‘अडकून पडणे’. संदर्भाचा भर जागेच्या तोकडेपणावर असेल तर ‘कोंबणे’ किंवा ‘खुराडे’ यांचा आश्रय घ्यावा. आणि वाट कोणी बंद केली यापेक्षा मनाची अवस्था सांगणे हाच मूळ वाक्याचा हेतू असेल, तर ‘घुसमट’ किंवा ‘कोंडमारा’ यांकडे वळावे. कारण बंदिवासाच्या अनुभूतीसाठी इंग्रजीने पिंजऱ्याची प्रतिमा घेतली असली, तरी मराठीने श्वासाची घेतली आहे. मूळ संदर्भ खरोखरच मौन पाळत असेल, तर अनुवादकाने ‘बंद होता’ अशी उदासीन रचना पत्करावी. पदरचा दोषी निर्माण करण्याचा अधिकार त्याला नाही.

याहून मोठा प्रश्न नोंदीचा आहे. २०२० आणि २०२१ या वर्षांच्या आठवणी हळूहळू ‘टाळेबंदीचा काळ’ या एका नामात गोळा होत आहेत. ही प्रक्रिया स्वाभाविक आहे. कालगणनेला नाम सोयीचे असते. परंतु या नामाखाली ‘कोंडून घेतले’, ‘कोंडून ठेवले’, ‘अडकून पडलो’ आणि ‘आम्ही तर घरीच असतो’ अशी परस्परविरुद्ध वाक्ये दबली गेली आहेत. त्या वर्षांविषयी मौखिक साक्षी गोळा करणाऱ्यांनी सांगणाऱ्याच्या हकिकतीचा गोषवारा लिहिताना त्याचे क्रियापद बदलू नये, सहायकासह ते जसेच्या तसे टिपून घ्यावे. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात मराठीबरोबर सिंधी, हिंदी आणि इतर भाषाही नित्य कानी पडतात. तेथे हे काम भाषाभ्यासाच्या विद्यार्थ्याला हाताशी असलेले आहे. हिंदीतही ‘बंद कर रखना’, ‘फँस जाना’ अशी संयुक्त क्रियापदे आहेत. जबाबदारीची वाटणी तेथे मराठीसारखीच होते की निराळी, आणि दोन भाषा बोलणारा माणूस एकच हकिकत दोन्हींत सांगताना कर्ता बदलतो काय, हे ताडून पाहता येईल. त्यासाठी प्रत्येक साक्षीदाराला विचारण्याचा प्रश्न एकच आणि साधा आहे: दार बंद होते हे समजले, ते लावले कोणी?